सगुणाबाईंच्या दगडावरचा बाण

— नको काका, खरंच चहा नको, आणि मी पाहुण्यांतली नाही हो. ते चार वाजता येणार ना, मीनाला बघायला, जीपने? बिरवाडीच्या स्टँडवरच कळलं मला. मी चालत आले, एकटीच. इथे पायरीवर बसू का? तुम्हीच कुशाबा ना, मीनाचे वडील? मग बरोबर घरी आले. मी पूनम. महाडच्या बाजारात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, खिळे, पत्रे, रंग — तुम्ही कधी आलाही असाल, पण मी तिथे नसायचे. सहावीपासून देहरादूनला शिकले, परत येऊन वर्षही झालं नाही. ते जाऊ दे. मी सुधीरबद्दल बोलायला आलेय — उठू नका काका! ऐकून तरी घ्या. त्याच्या घरच्यांनी पाठवलेलं नाही मला, शपथ. सुधीर दुसऱ्या पाळीला गेलाय कंपनीत. त्याला माहीतसुद्धा नाही मी इथे आलेय ते.

सोयरीक तुम्ही का मोडलीत ते मला कळलंय. मुलगा वाईट म्हणून नाही, नोकरी नाही म्हणून नाही. त्याच्या आईच्या, सगुणाबाईंच्या अंगणातल्या दगडावर पिवळा बाण निघाला आणि बाणाखाली आकडे — तीन, तिरकी रेघ, चौदा. झालं. धरणाची मोजणी आली, वाडी बुडणार, माणसं उठणार कुठे आणि बसणार कुठे, आणि अशा बुडीत गावात पोरगी कोण देतो? बरोबर आहे तुमचं. तुमच्या जागी मीही दिली नसती. पण काका, तो बाण मोजणीवाल्यांचा नाही. तो मी काढलाय. आमच्याच दुकानातला पिवळा ऑइलपेंट, अर्धा किलोचा डबा आणि एक इंची ब्रश. मी काढलाय तो, ह्या हाताने.

— कशाला म्हणजे? सांगते ना. मी सावित्रीच्या काठाने चालतेय. पोलादपूरपासून खाली महाड, पुढे सव गाव, तिथून खाडीपर्यंत. एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. दर रविवारी जमेल तेवढं चालायचं, एसटी मिळेल तिथे वर रस्त्याला लागायचं, घरी यायचं, आणि पुढच्या रविवारी बरोबर त्याच दगडापासून पुन्हा सुरू — एक पाऊलही सोडायचं नाही. — हसा, हसा. ‘एसटी बंद पडली काय?’ हे तर मला प्रत्येक वाडीत विचारलंय. पण काका, ती वाट आहे हो! हायवे नव्हता तेव्हा तुमचीच माणसं ह्याच वाटेने बाजाराला जायची, लेकी ह्याच वाटेने माहेरी यायच्या. आता निम्मी वाट करवंदीच्या जाळीत गेलीय. मला वाटलं, खुणा केल्या तर वाट परत उघडेल, शाळेची मुलं चालतील, नदी बघतील — आपण नदीकडे पाठ करून बसलोय काका, नदी म्हणजे फक्त पुलावरून दिसते ती! तिकडे देहरादूनच्या डोंगरात आम्ही असेच चालायचो, दगडावर बाण असायचे, कुणी चुकायचं नाही. म्हणून मीही काढले. तीन म्हणजे तिसरा टप्पा. चौदा म्हणजे चौदावी खूण. सगुणाबाईंच्या अंगणाच्या कोपऱ्यावर वाट नदी सोडून वळते, म्हणून तिथे बाण. एवढंच. धरण नाही, मोजणी नाही, काही नाही. वाडी आहे तिथेच राहणार आहे.

वाजले किती? तीन वीस. म्हणजे वेळ आहे अजून.

— वाडीतल्यांनी? नाही, विचारलं नाही कुणी... म्हणजे, तसं नेमकं नाही विचारलं. मी दगड पुसून रंगवत होते, सगुणाबाई वालाच्या शेंगा खुडत होत्या, तांब्याभर पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘धरान येतंय काय गो बाय?’ — हो. विचारलं. मी नाही म्हटलं नाही. पण हो पण म्हटलं नाही काका! मी म्हटलं, ‘आजी, नदीचं काहीही होऊ शकतं. तुम्ही एकत्र आला नाहीत, तर उद्या तुम्हाला कुणी विचारणारसुद्धा नाही.’ ह्यात खोटं काय आहे? मला काय माहीत, वर कुठल्या गावात मोजणीची माणसं असेच आकडे टाकून गेली होती ते! मला नंतर कळलं.

— नंतर म्हणजे... दोन महिने झाले.

तुम्ही असं बघू नका. तुम्हाला माहीत नाही, मी किती वाड्यांत हात जोडत फिरले. नदीतली वाळू उपसतात, डोह बुजले, मासा गेला, विहिरी खाली गेल्या — या हो, बसून बोलू, निवेदन देऊ! कोण यायचं? चार म्हातारी माणसं आणि एक कुत्रा. तीही मी शहरातली मुलगी एकटी काय करते ते बघायला. आणि बाण काढल्यावर पुढच्या रविवारी गेले, तर चाळीस माणसं! चाळीस, काका! बायका पोरं कडेवर घेऊन. मी काहीच सांगितलं नव्हतं, ती आपली आपणच घाबरून आली होती, आणि मला वाटलं, घाबरून का होईना, आली ना? एकदा बसायची सवय लागली की भीती जाईल आणि सवय राहील. मग सांगू. पुढच्या वेळी सांगू. मग पन्नास झाली. मग — तुम्हाला काय सांगू, मला ताई म्हणायला लागले सगळे.

सोयरिकीचं मात्र मला कालपर्यंत माहीत नव्हतं. देवाशप्पथ. काल सभेचं सांगायला वाडीत गेले, पाणी प्यायला थांबले, तर सगुणाबाई म्हणाल्या, ‘पोराचं मोडलं गो. हल्ली जेवत पन नाय.’ आणि वर मलाच म्हणतात, ‘तू कशापाय तोंड पाडतेस? तुजा काय दोष हाय? तू तर आमच्यासाठी झटतेस.’ आणि मला शेंगा बांधून दिल्या पदरातल्या.

— नाही. नाही सांगितलं. शेंगा घेतल्या आणि निघाले. रात्रभर विचार केला आणि म्हटलं, आधी इथे यायचं, तुम्हाला सांगायचं. तुम्ही समजून घेतलंत, सोयरीक पुन्हा जुळली, की त्यांना काही कळायची गरजच —

हो. ऐकलं मी. ‘ह्या अंगनात सांगून काय उपेग, तिकडं चार मानसांत सांग.’ ऐकलं. तुमचंही खरं आहे. मी एकटीने इथे सांगितलं आणि उद्या वाडी म्हणाली धरण येतंय, तर तुम्ही कुणाचं खरं धरणार? सांगेन ना, तिथेच सांगेन, सगळ्यांसमोर. पुढच्या रविवारी. — आज नाही, आज नको काका. आज सहा वाजता सभा आहे, सत्तर माणसं येणार आहेत, निवेदनावर सह्या करणार आहेत. आज मी उभी राहून म्हटलं की बाण माझा होता, तर एक माणूस थांबेल का? इतक्या महिन्यांचं सगळं उठून जाईल. एकदा सह्या होऊ देत. फक्त आठ दिवस! आठ दिवस ह्या पाहुण्यांना थोपवता येणार नाही का तुम्हाला?

— असं नाही हो म्हणत मी. मीनाचं लग्न माझ्या सह्यांसाठी थांबावं, असं कोण म्हणेल? ... म्हटलं का मी तसं?

म्हटलं.

बसा ना काका. शिव्या द्या हवं तर, ओरडा माझ्यावर, पण असे उठू नका — तो कसला आवाज? जीप? पण चार कुठे वाजलेत अजून! थांबा, थांबा काका. सांगते. आजच सांगते, सभेत, सह्यांच्या आधी, सगुणाबाईंचा हात धरून सांगते. तुम्ही फक्त आज ह्यांना शब्द देऊ नका. एवढंच करा. एक रात्र. उद्या सकाळी सगुणाबाईंनाच घेऊन येते इथे — टोपी राहू द्या ना, जरा माझ्याकडे बघा! काका! … मीना? तू दाराआडच होतीस? सगळं ऐकलंस? मग तू सांग ना ह्यांना. तुझा शब्द ऐकतील. तुला सुधीर — काय?

आवाज कमी करू?

बरं.

… हो, मागून, गोठ्याच्या बाजूने. जाते.