गाडीचं दावं

माझं माहेर औशाजवळचं. बाप लोकाच्या रानात राबायचा, माय बी राबायची, आमच्या दाराला कधी बैल न्हवता, म्हैस न्हवती, एक शेळी तेवढी होती अन् तीबी मेली. हे मी उगं सांगून न्हाई राहिले सर, ह्याचं पुढं काम पडतंय, ध्यानात ठिवा. लगीन होऊन उदगीरला आले ते आजवर इथंच. आमचे मालक जीपगाड्या नीट करायचे. सगळं उदगीर त्येंना मिस्त्री म्हणायचं, मंग मीबी मिस्त्रीच म्हणायला लागले. स्टेशनच्या रोडला पत्र्याचं शेड होतं, जागा भाड्याची, मागं आमच्या दोन खोल्या. मी शिलाईमशीन चालवायचे, लोकाचे पोलके शिवायचे अन् मिस्त्रीच्या गिऱ्हाइकाच्या जीपचे कापडी टपबी शिवायचे. जाड कापड, सुई मोडायची, बोट फुटायचं. चालायचं तसंच.

तर गाडीचं. मिस्त्री शिरूर अनंतपाळकडं एका गावात कुणाचा तरी ट्रॅक्टर नीट करायला गेले अन् येताना ट्रॉलीत घालून ही गाडी घेऊन आले. मी दारात उभी, म्हणलं हे काय आणलंव? काय सांगू तुम्हाला, पत्र्याची चाळणी झालेली, चाकं मातीत बसलेली, छप्पर न्हाई, अन् सीटवर कोंबडीचं अंडं. खरंच सांगते, अंडं होतं. म्हणले, ही इंग्लंडची हाय, कुणी हैदराबादचा इंजिनेर पूल बांधायला आलता, त्येची बिघडली, त्यो गेला, गाडी त्या शेतकऱ्याच्या लिंबाखाली राहिली ती राहिलीच. आता आपली. मी म्हणलं, दोघांचीच जागा हाय हिच्यात, लेकराला कुठं बसवायचं? म्हणले, टपावर. म्हणलं, टप कुठाय हिला? तर म्हणले, तू शिवणार हाईस की. झालं. तवापासून ती सवत घरात आली ती आली.

लोकाची सवत जेवायला तरी मागती, ही पत्रा मागायची, रंग मागायची, मिस्त्रीचा रविवार मागायची. दिवसा पोटाचं काम, गिऱ्हाईक गेलं की हिचं ठोकणं सुरू. मी भाकरी टाकू का म्हणून हाका मारून बेजार. एकएक भाग हातानं घडवला त्येंनी, कुठला हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणला, कुठला नांदेडच्या लेथवाल्याकडून करून घेतला, त्यो लेथवाला तर ह्येंना बघून दुकानाचं दार लावून घ्यायचा म्हणं. पोरगं शाळेतून कॉलेजात गेलं, कॉलेजातून पुण्याला नोकरीला गेलं, गाडी आपली शेडात हायच. अन् एक दिवस खरंच झाली हो. हिरवी गर्द, कडंनं चांदीवाणी पट्ट्या, मी शिवलेला काळा टप, त्यो तर तीनदा उसवून शिवलाय मी, तवा बसला. बसल्यावर मीच बघत राहिले.

पर स्टेरिंग न्हवतं. मंजी आणली तवापासूनच न्हवतं, नुसता दांडा होता. मिस्त्रीनं त्या शेतकऱ्याला गाडी चढवतानाच इचारलं होतं, की मामा, स्टेरिंग कुठाय? तर त्यो म्हणला, ते राहू द्या, ते देत नसतेत. एवढंच म्हणला अन् घरात गेला. मिस्त्रीला वाटलं, मोडलं असंल, भंगारात घातलं असंल, माणूस लाजून सांगंना झालाय. आता त्येला कशाला खोदून इचारायचं? आल्यावर जीपचं एक जुनं स्टेरिंग बसवलं. ते हाताला उन्हात भाजायचं, तर मी माझ्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून त्येच्यावर पट्टी शिवली, घट्ट. ते म्हणायचे, तुझ्या लुगड्याला धरून गाडी चालवतोय बघ. असले बोलायचे. पर खऱ्या स्टेरिंगचा शोध सोडला न्हाई त्येंनी. कुठं जुन्या गाडीचं नाव निघालं की पळायचे. सोलापूर झालं, हैदराबाद झालं, बिदर झालं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय.

एरवी मिस्त्री तिला शेडाच्या म्होरंच फिरवायचे, गावात निघायची ती फक्त जयंतीला. पोरं यायची, काका, गाडी काढा, फोटो ठिवायचा. मंग मिस्त्री पांढरे कपडे घालून, निळा रुमाल गळ्यात, टप मागं टाकून निघायचे, अन् बायका माझ्याकडं बघून म्हणायच्या, तुझ्या मिस्त्रीची गाडी गं. तेवढा दिवस मला तिचा राग येत न्हवता. खोटं कशाला बोलू, मलाबी बरं वाटायचं.

मागच्या साली मिस्त्री गेले. छातीत कळ आली अन् दवाखान्यात नेलं, तिथं पडल्या पडल्या मला म्हणले, भंगारात घालू नको, वरातीला दिऊ नको, चालवणाऱ्याला दे. मी म्हणलं, उगं काहीबी बोलू नका. त्यावर हसले. ते शेवटचंच. घर, पोरगं, सून, कुणाचं काही बोलले न्हाईत, गाडीचंच बोलले. मला लई राग आला त्येंचा, अजून येतो. पर माणूस गेल्यावर रागाचं काय करायचं, सांगा.

लेक म्हणला, आई, इकून टाकू. जागेवाला म्हणला, पावसाळ्याच्या आत शेड रिकामं करा, तिथं गाळे काढायचेत. माझे गुडघे गेलेले. रोज तिला पुसायचं, आठवड्यातून एकदा चालू करायचं, न्हाईतर बॅटरी बसती, हे सगळं मलाच. थकले होते मी सर, मनापासून थकले होते. लेकानं फोटो काढून मोबाईलवर टाकले, अन् लोकं यायला लागली.

काय काय लोकं. पोरंच जास्त, बसून फोटो काढायची, कॉलर वर करायची अन् जायची. एक नांदेडचा मंडपवाला आला, म्हणला मागचा पत्रा कापतो, नवरा-नवरीला उभं राहायला जागा करतो, वर छत्री लावतो. त्येला चहाबी न पाजता लावून दिला. मंग लातूर रोडचा एक हॉटेलवाला आला. त्येला हॉटेलच्या म्होरं सिमेटच्या ओट्यावर गाडी चढवून ठिवायची होती, वर लाइटी सोडायच्या. म्हणलं, चालवणार न्हाई? म्हणला, मावशी, चालवायला माझ्याकडं चांगली गाडी हाय की. अन् त्योच लई मागं लागला, क्रेन घेऊन येतो म्हणला, तुम्ही हाव म्हणा फक्त. जागेवाला इकडून घाई करून राहिला, त्यो तिकडून.

अन् मंग नांदेडचे एक डॉक्टर आले, बायकोला घेऊन. नोकरीतून निवृत्त झालेले, डोकीवर केस न्हाईत, पर गाडी बघून बारक्या लेकरासारखे खाली वाकले, आडवे होऊन खालून बघितलं, टपाच्या शिवणीवरनं बोट फिरवलं. म्हणले, हे कुणी केलं? म्हणलं, मी. बायको म्हणली, आता ह्येंना उठवायचं कसं. मंग डॉक्टर आत बसले, स्टेरिंग धरलं अन् लगीच हात काढला. म्हणले, ताई, सगळी गाडी जिथल्या तिथं हाय, एवढंच तिचं न्हाई. म्हणलं, हाव, ते सापडलंच न्हाई. म्हणले, भाईरून नवं मागवता येतं, पर ज्या माणसानं हे एवढं केलं त्येनं नवं लावलं न्हाई, मंग मी कसं लावू? मला इचार करू द्या. अन् गेले. हत्ती गेला अन् शेपूट राहिलं म्हणतेत ना, तसं झालं. माझ्या मनात आलं, आता हॉटेलवाल्याला हाव म्हणावं. चालवणारा एकच आला अन् त्योबी गेला, मी कुठवर धरून बसू?

तर त्या गुरवारी उदगीरच्या बाजाराला गेले होते मिरच्या घ्यायला, अन् जनावराच्या बाजाराकडनं येऊन राहिले होते. एका म्हाताऱ्यानं बैल इकला. घेणाऱ्यानं आपल्या जवळचं नवं दावं काढलं, बैलाच्या गळ्यात बांधलं, अन् म्हाताऱ्यानं आपलं जुनं सोडून घेतलं, खांद्यावर टाकलं अन् डोळे पुसत निघाला. बैल द्यायचा पर दावं द्यायचं न्हाई. दावं दिलं तर दावणीची बरकत जाती म्हणतेत. हे मी लहानपणापासून बघितलेलं, पर बघितलेलं मंजी लांबून, आमच्या घरी दावणच न्हवती. त्या दिवशी मिरच्याची पिशवी हातात धरून मी तिथंच उभी राहिले. ते देत नसतेत. त्यो शेतकरी हेच म्हणला होता की! मिस्त्रीनं सारी जिंदगी लोखंडाचा बाजार धुंडाळला, जनावराच्या बाजारात कधी उभे राहिले न्हाईत. राहिले तरी त्येंना काय कळणार, त्येंच्याबी घरी बैल न्हवता.

दुसऱ्या दिवशी एसटीनं गेले, पुढं काळीपिवळीनं. गावात इचारत इचारत लिंबाचं झाड गाठलं. त्यो शेतकरी वारलेला, त्येची बायको होती, शेवंताबाई, कंबरेत वाकलेली, दात न्हाईत, पर आवाज कडक. मी सांगितलं, कोण, कुठली. ओळख लागली, आत ये म्हणली. मी जरा बिचकले, आमच्या माणसाला असल्या घरात पहिल्यांदा कुठवर जायचं ते कळत नसतं. ती म्हणली, ये गं माय, कोण राहिलंय आता इथं इचारायला, पोरं लातूरला, मी अन् दोन बैलं. अन् गोठ्यात नेलं. सर, भितीला खुंट्या होत्या, खुंट्यावर जुनी दावी, इकलेल्या एकएक बैलाचं दावं, अन् कडंच्या खुंटीला ते स्टेरिंग. काळं, गोल, मधी पितळंची टिकली, हळद-कुंकू लागून लागून लाल झालेलं. मी गव्हाणीवरच टेकले.

म्हणलं, आक्का, हे द्या मला. ती म्हणली, हात लावू नको. सासरा म्हणायचा, ज्येला धरून हाकलतेत ते दावंच, ते घरचं, ते जात नसतंय. तुझ्या नवऱ्यालाबी सांगितलं होतं. म्हणलं, सांगितलं होतं, पर त्येंना कळलं न्हाई. अन् मंग मी रडले. तवर रडले न्हवते सर, मिस्त्री गेले तवाबी पाहुण्यारावळ्यात रडायला सवड झाली न्हवती. सगळं सांगितलं तिला, ठोकणं सांगितलं, दवाखाना सांगितला, हॉटेलवाल्याचा ओटा सांगितला. ती म्हणली, ओट्यावर? उभीच ठिवणार? माझा मालक तिला लिंबाखाली ठिवून रोज पाणी दाखवायचा गं, चालत न्हवती तरी. मंग म्हणली, खुंटी रिकामी ठिवता येत न्हाई. ह्येच्या जागी दुसरं दावं आण. पर तिचंच पाहिजे, त्या गाडीचं, दुकानातलं चालायचं न्हाई.

तिचंच दुसरं कुठलं असणार? घरी आले, शेडात गेले, पाना घेतला अन् जीपचं स्टेरिंग मीच काढलं. पट्टी माझ्या लुगड्याची, त्येंच्या घामानं काळी पडलेली, जिथं त्येंचे हात असायचे तिथं गुळगुळीत झालेली. तेवढंच एक होतं घरात त्येंच्या हाताचं, बाकी कपडे सारे वाटून टाकले होते. थोडा वेळ मांडीवर घेऊन बसले. मंग पिशवीत घातलं अन् दिऊन आले. शेवंताबाईनं पट्टी चाचपून बघितली, म्हणली, हाव, हे दावंच हाय. अन् खुंटीला अडकवलं, तवा ते खरं स्टेरिंग मला दिलं.

डॉक्टरला लेकानं फोन केला. ते आले, खरं स्टेरिंग बसवलं, कुंकवाचे डाग पुसू का इचारलं, मी म्हणलं, तुमची मर्जी. म्हणले, मंग राहू द्या. टप मागं टाकला, बायको बाजूला बसली, तिचा पदर उडत होता, अन् नांदेडच्या रोडला लागले. वळणापर्यंत आवाज येत होता. मी मागं फिरून शेडात आले तर फरशीवर तेलाचा डाग तेवढा राहिला होता. पैशाचं लेकानं बघितलं. आता गाळे होऊन राहिलेत तिथं, मी पलीकडं दोन खोल्यात असते, सकाळी जाग येती, पुसायला काही न्हाई, उगंच पडून राहते. सवत गेली अन् घर सुनं झालं, असंबी असतंय सर.

पोळ्याच्या दिवशी फोन आला, शेवंताबाईच्या नातवानं लावून दिला. ती म्हणली, माय, तुझ्या मिस्त्रीचं दावं आज बैलासंगं धुतलं, हळद-कुंकू लावलं, पुरणपोळीचा निवद दावला. आमच्यात हे करत न्हाईत सर, मिस्त्री तर कडक होते त्या बाबतीत, असते तर मोठ्यानं हसले असते. हाव आक्का म्हणलं. म्हणलं, पट्टी सैल झाली तर कळवा, मी येऊन शिवून जाईन.