शेवटची चार गणितं

डॉक्टर अजून आले नव्हते. रिसेप्शनवरच्या बाई फायली लावत होत्या, पण कान समोरच्या बाकाकडे होते. बाकावर आई, आत्या आणि दोघींच्या मधे बारा वर्षांची मुलगी.

"काय गं, पेपरात शेवटची चार गणितं का सोडलीस?" आत्याने भाचीला विचारलं. "बघ, तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!"

"तिला जरा वेळ द्या, वन्सं."

"वेळ कसला, अख्खं कॅलेंडरच देते!"

"मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, हिचं डोकं सावकाश चालतं. तंद्री लागते."

"अगंबाई, आळसालाही डॉक्टर लागतो? आजार म्हणजे आमच्या चिरंजीवांचा! लक्ष म्हणून कशात नाही, पायाला नुसती भिंगरी. ही तर ठोकळ्यासारखी बसते."

"म्हणूनच हिचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्याचं लक्ष दहा दिशांना पळतं. हिचं धुक्यातून वाट काढत येतं."

"येऊ दे सावकाश! तोवर आपण म्हाताऱ्या होऊ. बरं, तुझ्या पडद्यांचं कापड कुठून आणलंस गं? आमच्याकडे तर..."

"सोडली नाहीत, आत्या. चारही येत होती. तिथे पोचले आणि बाईंनी पेपर ओढून घेतला."

"हे काय मधेच? तुला कुणी काही विचारलं का?"