हाँ, उठ गया

हसू नका, पण माझी नोकरी आईने वाचवली. दर्पण कॉलनीत घरी बसून मी लॅपटॉपच्या वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे वायफायची चिप चालवणारा प्रोग्राम, लिहितो. लॅपटॉप झोपवून परत उठवला की स्क्रीनवर ‘कनेक्टेड’ दिसायचं आणि नेट मात्र बंद. चार दिवस चूक सापडेना, साहेब वैतागले.

दुपारी आतल्या खोलीत झोपलेल्या बाबांना हाक मारली. “हाँ, उठ गया,” म्हणाले. मी चहा ठेवायला निघालो, तर आई म्हणाली, “हो म्हणाले म्हणून लगेच चहा नको चढवूस. पाय जमिनीवर टेकलेत का बघ आधी.”

जाऊन बघितलं, तर बाबा घोरत होते.

माझा ड्रायव्हरही चिपला हाक मारून, ती उठली की नाही ते न बघताच, सगळं ठीक म्हणून कळवत होता. तपासणी घातली, नेट आलं.

प्रोग्राममधल्या दुरुस्तीच्या नोंदीखाली आभाराची ओळ असते, तिथे आईचं नाव लिहिलं. बाबा रुसलेत. म्हणतात, “झोपलो तर मी होतो.”