लेकीचं व्हायोलिन

प्रयोगशील संगीताच्या महोत्सवात दाराबाहेर रांग होती. माझ्यापुढच्या बाई शेजारच्या काकांशी बोलत होत्या.

“काल त्या मुलीनं व्हायोलिन नुसतं खरवडलं हो! अर्धे लोक उठून गेले.”

“हो ना. आमचीच लेक ती.”

“अगं बाई! चुकलंच माझं.”

“छे, त्यात काय? आज पुन्हा तिलाच ऐकायला आलोय.”

“तुम्हाला कळतं का हो ते?”

“ओ की ठो कळत नाही. आणि उभा जन्म ऑर्केस्ट्रात व्हायोलिनच वाजवलंय मी!”

“मग?”

“एक सूर चुकेल म्हणून मला रोज घाम फुटायचा. काल समोरून माणसं उठत होती, आणि आमची पोर मान ताठ ठेवून वाजवतच राहिली. दार उघडलं बघा. सरका पुढे, मला पहिल्या रांगेत बसायचंय.”