खांबावरचं भांडं

नाही नाही, तो कागद मला वाचून दाखवू नका, साहेब—अकरा म्हणे! तीन दिवसांत अकरा मिलिमीटर! अहो, अकरा मिलिमीटरमध्ये कोंबडीचे पाय भिजत नाहीत, आणि इथे विहीर काठोकाठ भरली. असे बांधावर या—बुटांना चिखल लागेल? लागू द्या की, तेवढीच कागदाबाहेरची माहिती. वास येतोय? कांदा आहे तो. माझ्या दोन सुनांनी कंबरा मोडून काढलेला, ओळीनं सुकायला घातलेला. तीन दिवस पाण्यात होता. हात घाला—घाला हो, चावत नाही—बोटं आत जातात की नाही? आणि तुम्ही म्हणता, यंत्र खोटं बोलत नाही. मग काय कांदा खोटं बोलतो?

विमा गळ्यात मारताना तुम्ही कंपनीवाले कसं गोड बोललात—आजी, नुकसान बघायला कुणी यायलाच नको, खांबावरचं भांडं पाऊस मोजेल, आकडा आपोआप कचेरीत जाईल, जास्त पडला की भरपाई. बावीस घरांची भरपाई एका भांड्यावर! आणि ते रोवलं कुठे, तर माझ्या रानात—का, तर म्हणे मोकळं आहे, झाड नाही. बरं, रोवा. राखण तुमची म्हणे. बरं, राखते. आता थोरला म्हणतो, आई, भरपाई आली तर पुढचं बियाणं आणू, नाही आली तर मी काकांना हो म्हणतो, रान देऊन टाकू. काका म्हणजे माझा दीर—तो बसलाय टपून, दुधावर बोका बसावा तसा. मी काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, घाबरतोस काय, आपलं भांडं आहे ना खांबावर! तुमच्या भांड्याच्या जिवावर म्हणाले हो मी!

काय म्हणालात? राखण नीट झाली नसेल? कुणाची, माझी?—जीभ आवरा. तुमच्या आधी तो टकलू साहेब यायचा, आमच्या बोकडानं एकदा खांबाला धडक दिली तर चारचौघांत डाफरला माझ्यावर—भांड्याला तडा गेला तर भरून द्यावं लागेल, कागदावर लिहिलंय, खाली तुमचा अंगठा आहे. मला वाचता येत नाही, पण अंगठा माझा आहे एवढं कळतं. पावसापेक्षा मी कागदाला भिते, पाऊस निदान थांबतो तरी. तेव्हापासून पोटच्या पोरासारखं जपलंय त्याला. गेल्या आठवड्यात पाऊस आला तो गारा घेऊनच—लिंबाएवढ्या, शेजाऱ्याच्या पत्र्याची चाळण झाली. सुना ओरडतायत, आई, ताडपत्री धरा, कांदा भिजतोय—आणि मी कुठे पळाले? कांद्याकडे? छे! खांबाकडे! गोठ्यातून शिडी ओढत आणली, या वयात, डोक्यावर गारा खात चढले, लोखंडी घमेलं पालथं घातलं त्या भांड्यावर आणि तारेनं करकचून बांधलं. तीन दिवस हललं नाही! ऊन पडलं तेव्हाच सोडलं. जा, बघा जाऊन, एक ओरखडा दाखवा मला, एक—

का थांबलात?

एवढं काय लिहिताय?

अकरा… अकरा म्हणजे मी शिडी आणेपर्यंत पडला, तेवढाच.

साहेब—बाळा—पेन खाली ठेव जरा. घमेलं कसलं? आमच्याकडे घमेलं नाही. होतं ते कधीच गळकं झालं. म्हातारी बाई, सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, तिचं बोलणं कुणी कागदावर घेतं का? बावीस घरं आहेत रे… खोड ते. खोडलंस? नाही? मग जा. उभा काय राहिलास, जा म्हणते ना! आणि फाटकाशी थोरला थांबलाय, तो विचारेल, काय म्हणाली आई. सांग—म्हातारी नुसत्या शिव्या देत होती.