टाकीत अडकलेला हात

आमी मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरामागं हिंडनारी मानसं. बापाचा मोठा वाडगा हुता मेंढरांचा, आन मला मेंढराचा वास सोसायचा न्हाय. धनगराच्या पोराला मेंढराचा वास सोसंना म्हंजे काय सांगू तुमाला, बाप म्हनायचा ह्यो कुनाच्या घरचा चुकून आमच्यात पडला. मग सोलापुरात आलो, एका उस्तादाच्या हाताखाली लागलो. त्यांचं काम एकच, गाड्यांच्या तेलाच्या टाक्या. गळत असली तर डाग देऊन झाळायची, सडली असली तर पत्रा कापून नवा लावायचा, लईच गेली असली तर नवी बांधून द्यायची. मेंढराच्या वासातनं सुटलो आन पेट्रोलच्या वासात सगळी उमर काढली.

उस्ताद सांगायचे, टाकीत पेट्रोल असलं तर भ्यायचं न्हाय, काढून टाकल्यावर भ्यायचं. आत वाफ ऱ्हाती की, दिसत न्हाय ती, आन एक ठिनगी पडली की टाकी फुटती. म्हनून टाकी आली की सोड्याच्या गरम पान्यानं धुवायची, उनात तोंड उघडं टाकून ठिवायची, आन जाळ लावायच्या आधी पान्यानं भरून घ्यायची, म्हंजे वाफंला आत जागाच न्हाय. हे आमाला शिकवलं कुनी तर उस्तादानं, आन एक दिवस घाईत त्यातलं काय बी न करता जाळ घेऊन बसले ते बी उस्तादच. मी चहा आनायला गेलो हुतो म्हनून आज हितं बसून तुमच्याशी बोलतोय. त्यांचं काय झालं ते मी सांगत न्हाय, कुनालाच सांगत न्हाय.

तर ते ऱ्हाऊ द्या. गेल्या साली खंडेनवमीला मोहोळचे अण्णा आले. मांडवाचा धंदा त्यांचा, वडलांची जुनी पिकअप हाय, गोल नाकाची, पेट्रोलवरची, आता रस्त्यावर दिसत बी न्हाय तसली. टाकी तेवढी खोलून आनलेली. म्हनले मिस्त्री, आत कायतरी खुळखुळतंय, पेट्रोल अडतंय, उद्या दसऱ्याला गाडी चालू करून पूजा करायची, वडील असताना एक दसरा चुकला न्हाय, आन मी पयल्यांदाच बंद गाडीला हार घालू का. मी म्हनलं अण्णा, आज हत्यारं पूजेत बसल्यात. आमच्याकडं खंडेनवमीला सगळी हत्यारं धुवून, हळदी-कुंकू लावून, झेंडू वाहून मांडतात, मग दसरा झाल्याबिगर त्यास्नी कोन शिवत न्हाय. माझ्या बायकूनं, शेवंतानं, सकाळीच कातर, हातोडी, पकड, समदं पाटावर मांडलेलं.

अण्णाचं तोंड एवढंसं झालं. आन मला वाटलं, हत्यार लावायचं न्हाय, पन हात लावला तर कुटं काय मोडतंय, हात काय पूजेत मांडलेला न्हाय. हितंच चुकलो बघा. टाकीच्या वर तेल किती हाय ते दावनारा काटा बसवायचं भोक असतं. ते आधीच्या कुन्या मिस्त्रीनं छिन्नीनं ठोकून मोठं केलेलं, पत्र्याची कड आत वळलेली. मांडी घालून बसलो, टाकी मांडीवर घेतली, बोटं जुळवली आन उजवा हात दाबून आत घातला. तळाला जुनं फडकं हुतं, गंजानं माखलेलं. ते धरलं, वडायला गेलो, आन ती आतली कड मनगटात रुतली. फडकं सोडलं तरी हात निघंना. जेवढं वडावं तेवढं ती चावायची.

मग काय, जत्राच भरली. कोन साबन आनतंय, कोन खोबऱ्याचं तेल, कोन म्हनतंय श्वास धरा, आता श्वासानं मनगट बारीक हुतंय व्हय. शेजारचा फॅब्रिकेशनवाला ग्राइंडर घेऊन पळत आला, दोन मिंटात कापतो म्हनला. मी असा वरडलो की त्याच्या हातातनं ग्राइंडर पडलं. पेट्रोल हाय आत, म्हनलं, तू बी जाशील, मी बी जाईन, अण्णा बी जातील. अण्णा म्हनले दवाखान्यात नेतो. मी म्हनलं तितं डॉक्टर हाताचा मिळंल, टाकीचा कोन? ते बी टाकीवाल्यालाच बोलवनार, आन टाकीवाला ह्या भागात मी एकटाच.

दुपार झाली तरी मी तसाच. उठता येईना, पाय मुंग्यांनी भरले, लघवीला लागलेली, कुनाला सांगू. आन मला भ्या कशाचं वाटत हुतं सांगू का, हात जाईल ह्याचं नंतर, आधी वाटायचं ही मानसं मला बघत्यात, टाकीवाला टाकीत अडकला म्हनून गावभर सांगतील. अण्णा हळूच म्हनले, मिस्त्री, टाकी कापायची पाळी आनू नका, वडलांची हाय, तसली आता मिळत न्हाय. आन मी बी मूर्खावानी मान हलवली, न्हाय कापत म्हनलं.

शेवंता तवर पुढं आली न्हवती, दारातनं बघत हुती. ती आली, माझ्यापुढं बसली आन इचारलं, बोटं हलत्यात का. मी म्हनलं हलत्यात. खोटं बोललो, घंटाभर बोटं हायेत का न्हाईत ते बी कळत न्हवतं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, उठली, पाटापुढं जाऊन डोकं टेकवलं आन पत्रा कापायची कातर उचलली, झेंडूचं फूल खाली पडलं. मी म्हनलं शेवंता, आज हत्यार उचलायचं न्हाय. ती म्हनली देवाला काय सांगायचं ते मी सांगितलंय, तुमी गप बसा. अण्णा म्हनले वयनी, अजून जरा तेल लावून बघू. ती म्हनली अण्णा, टाकी तुमाला बांधून देऊ, ह्यांचा हात कोन बांधून देनार.

आन कातर लावायच्या आधी तिनं पान्याच्या बादल्या आनल्या, टाकीच्या तोंडातनं पानी वतलं, मनगटापतुर. कातरीची सुदिक ठिनगी नको, म्हनली. मी सांगितलं न्हवतं तिला. एवढी सालं आत भाकरी थापत ऐकत हुती समदं.

कड धरून तिनं चीर घातली, एक, मग दुसरी, पत्रा कातडीला घासत जायचा. मी मधी मधी सांगतोय, डावीकडं घे, खोल नको. ती बी धनगराचीच लेक, म्हनली मेंढरावानी धडपडू नका, कातर लागंल. चार चिरा घातल्या, पकडीनं पत्र्याच्या जिभा वर वळवल्या, आन हात बाहेर आला. निळा. माझा वाटतच न्हवता. मी रडलो, सगळ्यांम्होरं रडलो.

डॉक्टर म्हनले रुतलेल्या कडेनं बोटांची शीर कापलीया, उशीर झालाय. अंगठा आन दोन बोटं मिटत न्हाईत. चमचा धरता येत न्हाय, कातरीचं तर नावच नको. अण्णाची टाकी दिवाळीनंतर बांधून दिली, म्हंजे मी सांगितलं आन शेवंतानं बांधली. तवापासनं असंच चाललंय. मी सकाळी ह्या खुर्चीत बसतो ते दिवे लागंपतुर. पोरगा पुन्याला बोलवतो, पन तितं जाऊन बी खुर्चीच की, आन मी गेलो तर अडल्या जागी तिला सांगनार कोन. पयलं दिवसातनं धा बारा येळा इचारायची, आता एकांदी. कवा कवा सबंद दिवस इचारत न्हाय. तिचं काम चांगलं हाय, खोटं कशाला बोलू, माझ्यापरास डाग बारीक बसतो तिचा. बरं वाटतं आन छातीत जळतं बी.

परवा टेंभुर्णीचा एक गडी आला टाकी घेऊन. म्हनला मिस्त्री हायेत का. मी तोंड उघडलं, तवर ती म्हनली बोला की, मीच हाय. त्यानं माझ्याकडं बघितलं, खरं का म्हनून. मी मान हलवली, व्हय म्हनलं, तीच. आता माझं काम तेवढंच ऱ्हायलंय. देवानं तिचे हात शाबूत ठिवावं, आन माझी मान अशीच हलती ठिवावी, दुसरं काय मागू.