लेप घट्ट होईपर्यंत

...नाही नाही मास्तर, तोंड उघडंच ठेवा. वर्गात तुम्ही आम्हाला तोंड मिटायला लावायचात, आज माझी पाळी! कवळी सैल झाली, मान्य — मीच केलेली, तेही मान्य — पण तुमच्या बडबडीपुढे कुठली कवळी टिकणार? हा लेप कालवला, साच्यात भरला, टाळूला दाबून धरला, की झालं माप. जन्मभर हेच केलं. आता नियम बदललाय म्हणे. दात मी घडवायचे, पण तोंडात हात घालायचा तो परवानेवाल्यानंच. आणि परवानेवाली कोण? माझीच लेक! भिंतीवरच्या त्या परवान्याचा खिळा मी ठोकलाय — तर म्हणते, "बाबा, वाकडा ठोकलात." पेशंट आला की "बाबा, हात मागे!" मग मी आपला हात मागे बांधून उभा, तुमच्या वर्गात असायचो तसा. हसू नका, लाळ गळतेय.

ती होय? औषधं आणायला गेलीय, येईलच. म्हणून तर म्हटलं तोवर उरकू — तुम्हीच ना म्हणालात, पोरीला काय कळतंय, तूच घे माप? तसा तिचा हात हलका आहे हं. माझ्यापेक्षा हलका. सांगू नका तिला, आधीच डोक्यावर बसलीय. परवा परवाने तपासायला सरकारी साहेब आले, तेव्हा नेमकी माझी बोटं एका आजींच्या जबड्यात — सवय, दुसरं काय! मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्यांना." साफ खोटं, मास्तर. लहानपणी साधी गोळी खाल्लेली लपवता यायची नाही हिला! ताकीद तिच्या नावावर लागली. पुन्हा असं दिसलं तर परवाना रद्द — तिचा हो, माझा कुठला असायला? मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. नुसती हात धूत राहिली, कितीतरी वेळ...

हे मी तुम्हाला कशाला सांगत बसलोय — अरेच्चा! लेप बघा, वाटीतच घट्ट झाला. पार दगड! आता कसलं माप निघतंय. काय? दुसरा कालवू?

नको.

मिटा तोंड. मिटा म्हणतो ना. जाऊन बसा त्या बाकावर, गुपचूप. डॉक्टर येतीलच.